प्रार्थनेत एक नाव, दिवसात एक काम: रोजच्या जगण्यात देवाची सेवा कशी करावी

देवाची सेवा करायची मनापासून इच्छा आहे, पण नेमकं काय करायचं ते कळत नाही, असं म्हणणारी माणसं सारखी भेटतात. नोकरी आहे, घरात लहान मुलं आहेत, कुणीतरी आजारी आहे, पैसा बेताचा आहे. मग सकाळी प्रार्थना उरकली जाते आणि मदत वर्षाकाठी कधीतरी देणगीच्या रूपाने होते. दोन्ही चांगलंच आहे, पण या दोन्हींची एकमेकांशी गाठ पडत नाही. ज्याच्यासाठी हात जोडले त्याच्यासाठी काही केलं जात नाही, आणि ज्याला मदत केली त्याचं नाव देवापुढे कधी घेतलंच जात नाही.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. म्हणून या लेखात जी पद्धत सांगतो आहे ती अगदी साधी आहे: सकाळी प्रार्थनेत एका माणसाचं नाव घ्यायचं, दिवसभरात त्याच्यासाठी एक काम करायचं आणि रात्री ते काम देवापुढे ठेवायचं. तुम्ही मूर्तीपुढे बसत असा, नमाजाला उभे राहत असा, गुरुद्वाऱ्यात माथा टेकत असा किंवा क्रुसापुढे गुडघे टेकत असा, ही पद्धत तुमच्या नेहमीच्या उपासनेत सहज बसते. त्यासाठी काही सोडावं लागत नाही.

पायरी पहिली: वेळ ठरवा, आणि ती लहान ठेवा

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तासभर बसणारे दुसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात. रोज जे काम हमखास होतं, म्हणजे अंघोळ, सकाळचा चहा, मुलांना शाळेत सोडून परत येणं, त्याला ही दहा मिनिटं जोडून टाका. म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही. जागाही एकच असू द्या, खोलीचा एखादा कोपरा चालेल. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. समोर उलटा घालून ठेवलेला फोनही लक्ष वेधतोच.

जगातल्या बहुतेक धर्मांनी प्रार्थना घड्याळाला बांधली आहे. इस्लाममध्ये दिवसात पाच वेळा नमाज, हिंदू परंपरेत सकाळ-संध्याकाळची संध्या, ख्रिस्ती मठांमध्ये ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थना. मनाच्या लहरीवर सोडलं तर प्रार्थना फक्त संकटाच्या वेळी होते, हे या परंपरांना फार पूर्वीच उमगलं होतं. रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट धरू नये. तुम्ही झोपून उठाल ती तुमची सकाळ.

पायरी दुसरी: प्रार्थनेत काय बोलायचं

पाठ असलेली स्तोत्रं, आरत्या, दुआ, जप जे काही म्हणत असाल ते म्हणत राहा. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेले शब्दच आधार देतात. त्यानंतर मात्र पाच मिनिटं तरी आपल्या रोजच्या भाषेत बोला, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं.

आधी कृतज्ञता. ‘सगळ्यासाठी आभारी आहे’ असं मोघम नको. कालच्या दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन सांगा: काल शेजारणीने मुलाला दोन तास सांभाळलं, काल बऱ्याच दिवसांनी आईला शांत झोप लागली. मग कालच्या दिवसात कुणाला दुखावलं असेल तर तेही स्पष्ट सांगा. ‘माझ्या चुका पोटात घाल’ म्हणणं सोपं असतं. ‘काल मी कामावर आलेल्या नवीन मुलाला सगळ्यांसमोर बोललो’ हे म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळली की आज त्या मुलाची माफी मागायची आहे हे आपोआप कळतं.

यानंतर दुसऱ्यांची नावं. इथे घाई करू नका. एखाद्याचं नाव घेतलं की अर्धा मिनिट थांबा आणि त्याचा आजचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तो किती वाजता उठला असेल? आज त्याला कुणाला तोंड द्यायचं आहे? रात्री एकटाच जेवेल का? ‘अमक्याचं भलं कर’ एवढंच म्हटलं की तो माणूस यादीतलं एक नाव होऊन राहतो. त्याचा दिवस पाहिला की त्याला काय हवं असेल, हे हळूहळू दिसायला लागतं. प्रार्थनेतून मदतीकडे जाणारी वाट इथूनच निघते, म्हणून या पद्धतीचा सगळ्यात मोलाचा भाग मला हा अर्धा मिनिट वाटतो.

शेवटी दोन मिनिटं गप्प बसा. मन भटकणार. भटकत एखाद्या माणसापाशी गेलं तर त्याला ओढून परत आणायची घाई नको. बऱ्याच दिवसांत ज्याची चौकशी केली नाही असा कुणीतरी अचानक आठवतो, तेव्हा ते विचलित होणं समजू नका. नाव लिहून ठेवा.

पायरी तिसरी: नाव निवडा

एक लहान वही करा. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर त्या माणसासाठी काय करता येईल ते. रोज एकच नाव, एकच काम. ज्या दिवशी काहीच सुचणार नाही, त्या दिवशी आधीच्या पानांवर राहून गेलेलं एखादं काम घ्या.

नाव कुठून आणायचं? आधी घरातून. या बाबतीत माझं मत जरा ठाम आहे. बाहेर दिवसभर सेवा करून घरी आल्यावर बायकोशी, सासूशी किंवा म्हाताऱ्या वडिलांशी तुसडेपणाने वागणारी माणसं कमी नाहीत. घरच्यांची सेवा कुणाच्या नजरेत भरत नाही, तिचं कौतुक होत नाही आणि ती संपतही नाही, म्हणूनच ती अवघड असते. पहिले काही दिवस वहीत फक्त घरातली नावं येऊ द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलून देणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकच गोष्ट दहाव्यांदा सांगणाऱ्या आजोबांची ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला एक दिवस पूर्ण सुट्टी देणं, आणि त्या दिवशी ‘हे कुठे ठेवलंय, ते कुठे आहे’ असं तिला एकदाही न विचारणं.

मग ओळखीची माणसं: शेजारी, सहकारी, जिच्याशी बोलणं तुटलं आहे अशी बहीण. त्यानंतर अनोळखी. ज्यांच्याबद्दल मनात अढी आहे त्यांचंही नाव अधूनमधून घ्या. अशा माणसासाठी काम करणं लगेच जमणार नाही, पण त्याच्या पाठीमागे त्याची निंदा न करणं हेही त्या दिवसाचं काम म्हणून लिहायला हरकत नाही.

पायरी चौथी: मदत नेमकी हवी

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, मनापासूनच म्हणतो. पण अडचणीतला माणूस कधीच सांगत नाही. त्याला संकोच वाटतो, आणि समोरचा नेमकं काय करू शकेल याचा अंदाजही नसतो. त्यामुळे सगळं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर येतं.

अतिदक्षता विभागाच्या बाहेरचा बाक डोळ्यांसमोर आणा. आत नवरा, बाहेर बायको, तिसरा दिवस. मांडीवर फाइल, हातात औषधाची चिठ्ठी, फोनची बॅटरी संपत आलेली. कधी नाव पुकारतील म्हणून ती जागची हलत नाही. भेटायला आलेले दहाजण ‘काळजी करू नका, काही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणून निघून जातात. अकरावी येते आणि म्हणते, “ताई, मी चार ते सात इथेच बसते. डॉक्टरांनी बोलावलं तर लगेच फोन करीन. तुम्ही घरी जाऊन अंघोळ करा, तासभर पडा. हा चार्जर ठेवा. आणि ती चिठ्ठी द्या, येताना औषध आणूनच आले असते, पण नाव माहीत नव्हतं.” या बोलण्यात वेळ ठरलेली आहे, काम ठरलेलं आहे, आणि त्या बाईला उत्तर म्हणून फक्त ‘बरं’ एवढंच म्हणायचं आहे. मदतीचा प्रस्ताव असा असावा.

ज्यांना बाहेर पडणं शक्य नाही त्यांनाही हे जमतं. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याचा अर्ज फोनवर बसून भरून देता येतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज ठरलेल्या वेळी दोन मिनिटांचा फोन करता येतो. फोन उचलला नाही तर चौकशी होईल, एवढ्या खात्रीवरही माणसाला रात्री झोप लागते.

विचारल्याशिवाय मात्र करू नये. अंध माणसाचा हात धरून त्याला रस्त्यापलीकडे ओढण्याआधी ‘पलीकडे जायचंय का?’ असं विचारावं, आणि हो म्हणाला तर आपला हात पुढे करून त्यालाच धरू द्यावा. नको म्हणाला तर रागवायचं नाही. ज्याला मदत करायची त्याचा मान राखणं हा मदतीचाच भाग आहे.

पायरी पाचवी: ऐकायला शिका

बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गेलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. त्याचं दुःख पाहून ते सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहतात, कुणी एक शब्द बोलत नाही. तोवर ते खरे मित्र असतात. मग ते बोलायला लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार असं त्याला पटवायला लागतात, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. श्रद्धाळू माणसांनी तर ही कथा विशेष लक्षात ठेवावी, कारण दुःखाचं स्पष्टीकरण देण्याचा मोह आपल्यालाच जास्त होतो.

ज्याचं मूल गेलं आहे त्याला ‘देवाची इच्छा’, ‘देवाला आवडलं म्हणून त्याने नेलं’ असं सांगू नका. कर्करोगाच्या रुग्णाला दुसऱ्या कुणाच्या कर्करोगाची गोष्ट ऐकवू नका. ‘मी समजू शकतो’ हेही टाळलेलं बरं. त्याऐवजी गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एखादी आठवण सांगा, किंवा नुसतंच ‘मी बसलोय इथे’ म्हणा. रुग्णाच्या भेटीत पंधरा-वीस मिनिटांत उठावं. खुर्चीवर बसून बोलावं, कारण उभ्या माणसाला निघायची घाई आहे असं वाटतं. तुमची प्रार्थना मोठ्याने म्हणायची असेल तर आधी परवानगी मागावी. त्याची श्रद्धा वेगळी असेल किंवा नसेलही. मनातल्या मनात म्हटलेली प्रार्थना कुठे कमी पडते?

ऐकताना कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’, ‘मी नसलेलाच बरा’ असं बोललं तर ते हलकं घेऊ नका. जीव देण्याचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरच्या कुणाला तरी सोबत घ्या आणि डॉक्टरांपर्यंत पोचवा. प्रार्थना चालू ठेवाच, पण औषध बंद करायला कधीही सांगू नका.

आणखी एक गोष्ट, जी हल्ली फार घडते. ‘अमक्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा, तिचा रिपोर्ट वाईट आला आहे’ असा निरोप ग्रुपवर टाकला जातो. हेतू शुद्ध असतो, पण तिने कुणालाही सांगू नका म्हणून विश्वासाने सांगितलेलं असतं. तिला विचारल्याशिवाय नाव आणि आजार उघड करू नका. ‘एका मैत्रिणीसाठी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. देवाला नाव माहीत आहे.

पायरी सहावी: पैशाची मदत

उरलेल्यातून द्यायचं ठरवलं की काहीच उरत नाही. म्हणून हाती पैसे आले की आधीच वाटा बाजूला काढा. इस्लाममध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या आणि वर्षभर जवळ राहिलेल्या संपत्तीवर 2.5 टक्के जकात द्यायची असते. शीख परंपरेतला दसवंद आणि ख्रिस्ती परंपरेतला दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. तुमच्या धर्माने प्रमाण ठरवून दिलं असेल तर ते पाळा. नसेल तर स्वतः एखादं प्रमाण ठरवा, पण ते मोडू नका. कर्ज डोक्यावर असेल तर आधी कर्ज फेडा, घरच्यांच्या तोंडचा घास काढून दान करू नका.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड करू न शकणाऱ्या, योग्य माणसाला, योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी, द्यायलाच हवं या भावनेने दिलेलं दान सात्त्विक. काहीतरी परत मिळेल या आशेने किंवा कुरकुरत दिलेलं राजस. अपमान करून, तुच्छतेने दिलेलं तामस. बाराव्या शतकातला ज्यू विद्वान मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणं सगळ्यात खाली. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळखच नाही, हे वरून दुसरं. सगळ्यात वर काय, तर कर्ज देऊन, भागीदारी देऊन किंवा काम मिळवून देऊन माणसाला असं उभं करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. दोन वेगळ्या काळांतल्या, वेगळ्या धर्मांतल्या या विचारांमध्ये घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये ही एकच काळजी आहे.

व्यवहारात त्याचा अर्थ असा. मुलीची फी द्यायची असेल तर शक्यतो थेट शाळेत भरा आणि बातमी करू नका. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नका. ओळखीच्याला उसने देताना परत आले नाहीत तरी नातं तुटणार नाही एवढीच रक्कम द्या. संस्थेला देताना तिची नोंदणी आणि जमाखर्च बघा, भावनेला हात घालणारा व्हिडिओ पाहून लगेच पैसे पाठवू नका. आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याला रोख रकमेपेक्षा अवजार, पहिलं गिऱ्हाईक किंवा नोकरीसाठी एक शब्द जास्त उपयोगी पडतो.

पायरी सातवी: तुमचं कामच सेवा होऊ द्या

सहाव्या शतकात ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तीत मठातली अवजारं आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं सांभाळावं असं सांगितलं आहे. फावडं आणि पूजेचं भांडं एकाच तोलाचं! आपल्याकडे गाडगेबाबांनी (1876–1956) दिवसा हातात झाडू घेतला आणि रात्री कीर्तन केलं. त्यांच्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

नर्स असाल तर सुई टोचण्याआधी रुग्णाला नावाने हाक मारा. कार्यालयाच्या खिडकीवर बसत असाल तर ‘उद्या या’ म्हणण्याआधी त्या माणसाला कोणते कागद लागतील ते एकदाच नीट लिहून द्या, त्याचा हेलपाटा वाचेल. काम सुरू करताना एक ओळीची प्रार्थना पुरे: ‘आज माझ्यासमोर जो येईल तो तूच पाठवला आहेस.’

पायरी आठवी: रात्रीचा हिशोब

सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सहकाऱ्यांना आत्मपरीक्षणाची शिस्त लावली. दिवसातून दोनदा थांबायचं आणि मागे वळून बघायचं. आपल्याला रात्रीची पाच मिनिटं पुरतील. वही उघडा. आजचं काम झालं का? झालं असेल तर एक ओळ लिहा, काय केलं आणि समोरच्याला खरंच काय लागत होतं. नाही झालं तर का नाही, तेही लिहा. स्वतःला झोडपत बसू नका. नाव उद्यावर न्या आणि झोपा. महिन्याभराने वही चाळली की काही नावं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील, आणि काही जवळची माणसं एकदाही न आलेली.

अडचणी येतात त्या

दमणूक ही पहिली. चिडचिड वाढली, झोप उडाली, ज्याला मदत करतो त्याचाच राग यायला लागला, की थांबा. आठवड्यातला एक दिवस फक्त प्रार्थनेचा ठेवा, कामाचा नाही. मोठ्या आजारपणात तर एकट्याने सगळं अंगावर घेऊच नका, चार-पाचजण मिळून वार वाटून घ्या.

फसवणूकही होते. खोटं बोलून पैसे नेणारा भेटला म्हणून वही बंद करू नका, मदतीची रीत बदला. पैशाऐवजी औषध द्या. व्यसनी माणसाला ‘पैसे देणार नाही, पण उपचाराला न्यायला आत्ता तयार आहे’ असं ठामपणे सांगणं ही पण सेवाच. ज्याला नाही म्हटलं त्या माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत घ्या, म्हणजे मनात कडवटपणा राहत नाही.

कधी प्रार्थना कोरडी पडते. शब्द उमटत नाहीत, देव ऐकतो आहे असं वाटत नाही. अशा दिवसांत वेळेवर फक्त बसा, पाठ असलेलं म्हणा आणि वहीतलं काम करा. भावना आली नाही म्हणून त्या आजारी माणसाला नेलेलं औषध कमी गुणकारी ठरत नाही.

ज्याच्यासाठी महिनोन्‌महिने प्रार्थना केली तो माणूस गेला, असंही होतं. तेव्हा त्याच्या नावाखाली त्याच्या घरच्यांची नावं लिहा. पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असते, जेव्हा फोन थांबतात आणि कागदपत्रांची कामं सुरू होतात. त्या तारखेला वहीत आत्ताच खूण करून ठेवा.

आणि एखाद्या दिवशी तुमचंच नाव दुसऱ्या कुणाच्या वहीत असेल. कुणी दारात येऊन ‘काय करू?’ असं विचारलं, तर ‘काही नको, सगळं ठीक आहे’ म्हणून त्याला परत पाठवू नका. एक काम नेमकं सांगा, आणि त्याला ते करू द्या.